आत्मचरित्र कसं निवडायचं आणि कसं वाचायचं: आधी चूल कोण पेटवतंय ते बघा

दर दोन महिन्यांनी कुणीतरी मैत्रीण मेसेज टाकते, अगं काहीतरी खरं वाचायला सुचव ना, कादंबऱ्यांचा कंटाळा आलाय. त्यातल्या अर्ध्या जणींच्या मांडीवर सध्या तान्हं असतं नाहीतर घरात दहावीतलं कार्टं असतं, त्यामुळे पुढचं वाक्यही ठरलेलं, आईबापांबद्दल असेल तर अजून बरं. मी दरवेळी दहा नावं पाठवते, मग ती दोन विकत घेते, एकाची वीस पानं वाचते आणि पुस्तक टीव्हीशेजारी जाऊन पडतं. म्हणून यावेळी नुसती नावं देत नाहीये, कसं वाचायचं तेपण सांगते, कारण मीसुद्धा कितीतरी वर्षं चुकीच्याच पद्धतीनं वाचत होते.

मला शहाणं केलं ते सासूबाईंनी. लेक चार महिन्यांची होती, रात्री दीड-दोनला उठायची ती पहाटेपर्यंत, आणि त्या वेळात मोबाईल बघून डोकं दुखायला लागलं म्हणून मी धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' वाचायला घेतलं होतं. म्हटलं महर्षी आहेत, काहीतरी उदात्त कानावर पडेल पोरीच्या. दिवसा पुस्तक ओट्याशेजारच्या खिडकीत पडलेलं असायचं, तिथून सासूबाईंनी उचललं आणि आठवड्यात माझ्याआधी संपवलं. मी विचारलं कसं वाटलं, तर म्हणाल्या, 'माणूस मोठाच गं, पण हा रोज आश्रमात जातोय, कॉलेजात शिकवतोय, वर्गणी गोळा करतोय, तर घरी चूल कोण पेटवतंय ते लिहिलंच नाही नीट.'

मी हसले तेव्हा. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, आणि शोधल्यावर कळलं की त्याचं उत्तर एका वेगळ्याच पुस्तकात छापलेलं आहे. बाया कर्वे म्हणजे आनंदीबाई, कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी, त्यांचं 'माझे पुराण' १९४४ मध्ये आलं. नवऱ्याचं १९१५ चं, बायकोचं १९४४ चं, घर तेच. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, जमेल तिथे एका घराची दोन पुस्तकं वाचायची. नवऱ्याचं वाचलं तर बायकोचं शोधायचं, बापाचं वाचलं तर मुलाचं. आणि जोडीदार पुस्तक नसेलच तर निदान सासूबाईंचा प्रश्न तरी पानोपानी विचारत जायचा.

कर्व्यांचं घर, सुरुवात इथूनच करा

थोडं मागचं सांगते म्हणजे वाचताना गोंधळ नको. बाया आधीच्या गोदूबाई, लहानपणी विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी. कर्व्यांची पहिली बायको राधाबाई १८९१ मध्ये गेली, आणि १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. विधवेशी लग्न म्हणून कोकणातल्या मुरूडनं, म्हणजे कर्व्यांच्या स्वतःच्या गावानं, त्यांना वाळीत टाकलं. पुढे अनाथ बालिकाश्रम, हिंगणं, महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये भारतरत्न, हे सगळं शाळेत वाचलेलं असतंच आपण.

आता 'आत्मवृत्त' वाचा. सरळ, हिशेबी, गणिताच्या प्रोफेसरनं लिहावं तसंच, कुठे आवाज चढत नाही. मग लगेच 'माझे पुराण' घ्या. बाई फटकन बोलते. पैसा आश्रमाकडे वळतोय, घरात पोरं आहेत, नवरा देवमाणूस आहे हे तिलाही मान्यच आहे पण देवमाणसाच्या घरातसुद्धा महिनाअखेर येतेच ना! कर्व्यांनी आपली विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे केली तेव्हा ती किती चिडली हे आपल्याला आज वाचतानासुद्धा समजतं, कारण ती पॉलिसी म्हणजे तिच्या दृष्टीनं पोरांचं ताट होतं. कर्व्यांचं पुस्तक एकटं वाचलं की हे सगळं त्याग म्हणून एका वाक्यात निघून जातं. दोन्ही वाचल्यावर दोघांबद्दलचा आदर वाढतो, आणि कर्व्यांचा थोडा रागही येतो, तो येऊ द्यावा.

इथेच थांबू नका, हे घर म्हणजे खाणच आहे. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले, त्यापण विधवा, पदरी एक मुलगा, त्यांची 'माझी कहाणी' १९२८ ची. या बाई आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या आणि पुढे इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेत गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. मुलाला वाढवायचं आणि स्वतःचं कामही करायचं, या ओढाताणीवर आपण आज ऑफिसच्या कँटीनमध्ये जे बोलतो ते ही बाई शंभर वर्षांपूर्वी जगत होती.

आणि मग सून. इरावती कर्वे. 'परिपूर्ती' हा त्यांच्या ललित लेखांचा संग्रह, त्यातला त्याच नावाचा लेख पाच मिनिटांत वाचून होतो. सभेत त्यांची ओळख करून देतात, अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, यांची पत्नी, स्वतः विदुषी वगैरे, पण बाईंना काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहतं. मग रस्त्यात पोरांचं बोलणं कानावर येतं, की ही बाई म्हणजे आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पूर्ण होते. मला हा लेख शाळेत असताना गोड वाटला होता, लेक झाल्यावर परत वाचला तेव्हा थोडी भांडले त्याच्याशी, की बाई तुम्ही एवढं लिहिलंत, एवढं संशोधन केलंत आणि शेवटी हेच? पण गंमत म्हणजे परवा लेकीच्या शाळेच्या गेटवर एक चिमुरडी मला बघून म्हणाली ही बघ अमकीची आई, आणि मी मूर्खासारखी खूश झाले. सासऱ्यांवरही इरावतीबाईंनी लेख लिहिलाय, 'आजोबा', तो सगळ्यात शेवटी वाचा, आधीची तीन पुस्तकं पोटात गेल्यावर तो वेगळाच लागतो.

अजून काही जोड्या

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० चं. लग्न १८७३ मध्ये, ती अकरा वर्षांची आणि न्यायमूर्ती एकतीसचे. आधीची बायको वारली तेव्हा सुधारक मंडळींना वाटत होतं हे आता विधवेशी लग्न करणार, आणि वडिलांनी ही मुलगी समोर उभी केली. हे वाचून तुमचं डोकं फिरेल, फिरूदे, पण पुढे वाचत राहा कारण पुस्तकाचा जीव वेगळ्याच ठिकाणी आहे. नवरा रात्री शिकवतोय, आणि दिवसा घरातल्या बायका त्या शिकण्यावरून हिचा छळ करतायत, आणि हिला दोन्हीकडे गप्प बसून निभवायचंय. त्यातच कलकत्त्याचा तो किस्सा येतो, रानडे तिथे गेल्यावर बंगाली शिकतात ते दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याकडून. असला नवरा एकाच वेळी आवडतो आणि वैताग आणतो. जोडीला न. र. फाटकांनी लिहिलेलं रानड्यांचं चरित्र घ्या, मोठं आहे, सगळं नाही वाचलंत तरी चालेल, रमाबाईंनी सांगितलेले प्रसंग त्यात कुठे येतात आणि किती ओळींत उरकतात एवढं बघितलं तरी बास.

आमट्यांची जोडी तर घरोघरी अर्धी असते. 'प्रकाशवाटा' बहुतेकांकडे आहे, प्रकाश आमट्यांचं, हेमलकसा, १९७३ पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प, माडिया लोक, बिबट्याची पिल्लं. पण साधनाताईंचं 'समिधा' त्याच्या आधी वाचा, कारण तिथे हाच प्रकाश लहान पोरगा आहे. आनंदवन उभं राहतंय, माळरान, कुष्ठरोगी पेशंट, एक लंगडी गाय आणि हातात चौदा रुपये अशी गोष्ट सांगतात ना, त्या गोष्टीत दोन लहान मुलंपण होती हे आपण विसरतो. साधनाताईंना ती सांभाळायची होती, विंचूसापांच्या रानात. मग 'प्रकाशवाटा' उघडलं की तोच मुलगा बाप झालेला दिसतो आणि आपल्या पोरांना माडिया मुलांबरोबर त्याच आश्रमशाळेत घालतो. दोन पिढ्या, दोन्ही वेळा आईबापांनी मुलांना न विचारता जंगलात नेलं. मुलांना विचारायला हवं होतं का, यावर आमच्या घरी एका रविवारी जेवण थंड होईपर्यंत वाद झाला होता.

मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' एकटं वाचू नका, म्हणजे वाचाच, पण शेजारी त्यांच्या नवऱ्याचा, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' ठेवा. एक कविता, एक आत्मकथन, दोन्हीत जाळ आहे आणि दोन्ही खरे आहेत. हे झोपायच्या आधी वाचायचं पुस्तक नाही एवढं सांगून ठेवते.

सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' (१९९०) तुम्ही वाचलेलं असणारच, नसेल तर पुलंची दोन-चार पुस्तकं हसत हसत वाचून झाल्यावर वाचा. मला विचाराल तर त्या पुस्तकावर लोक विनाकारण तट पाडून भांडले. बाई नवऱ्याबद्दल जितकी कडक लिहिते तितकीच स्वतःबद्दलही लिहिते, ते लोकांना दिसत नाही.

आणि 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं, १९३४ पासून भागाभागानं आलेलं. हे खरं तर जोडी नसतानाही पुरून उरतं. नवरा कवी, ना. वा. टिळक, हातात आलेला पैसा कुणालाही देऊन मोकळा होणारा, आणि १८९५ मध्ये तो ख्रिस्ती होतो. बाई सोवळ्या घरातली, पदरी लहान मुलगा, काय करणार? कित्येक वर्षं वेगळी राहते, मग परत जाते, आधी वेगळं शिजवून खाते, आणि सोवळं एकेक पायरी उतरत शेवटी स्वतःच ख्रिस्ती होते. हे सगळं ती इतकं हसत सांगते की लोकलमध्ये वाचताना शेजारचीनं मला विचारलं होतं, ताई काय वाचताय. ज्यांना आत्मचरित्र म्हटलं की जांभई येते त्यांना मी हेच देते. जोडीच हवी असेल तर एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या तेव्हा पुस्तक अपुरं होतं आणि शेवटचा भाग मुलानं, देवदत्त टिळकांनी पुरा केला. त्याच बाईंनी आधी नवऱ्याचं अपुरं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं होतं. तर शेवटाकडे आलात की आवाज बदलतो का ते कान देऊन ऐका.

आईबाप होण्याच्या खऱ्या गोष्टी

इथे आधी एक सूचना. पेरेंटिंगचं पुस्तक म्हणून आत्मचरित्र वाचू नका. मी वाचलं होतं, तान्ह्या बाळाची आई असताना माणूस काहीही करतं, आणि त्यातून दोनच गोष्टी निघाल्या, एक म्हणजे न्यूनगंड आणि दुसरं म्हणजे रडू. ही पुस्तकं 'असं करा' सांगत नाहीत.

'श्यामची आई' सगळ्यांना माहितीये. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलं, रात्रींमध्ये विभागलेलं, बेचाळीस रात्री. आपण ते लहानपणी रडत वाचतो आणि मोठेपणी नुसतं नाव घेऊन आयांना ऐकवतो. माझं म्हणणं, आई किंवा बाप झाल्यावर ते पुन्हा वाचा आणि यावेळी श्यामच्या बाजूनं वाचू नका. कर्जात बुडत चाललेलं घर, आजारी बाई, वसुलीला येणारा माणूस, आणि तिला चार पोरांसमोर चेहरा सरळ ठेवायचाय. वडिलांच्या बाजूनं तर कुणीच वाचत नाही. चूल कोण पेटवतंय हे या पुस्तकात लख्ख कळतं, पण चुलीत घालायला लाकूड आणणाऱ्या माणसाचं काय चाललं होतं हे तुम्हालाच ओळींच्या मधून काढावं लागतं.

बापाबद्दल वाचायचं तर दोन पुस्तकं पाठोपाठ घ्या. आनंद यादवांचं 'झोंबी' (१९८७), कागलकडचं, बाप पोराला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो आणि पोरगं शिकण्यासाठी अक्षरशः झोंबी घेतं. आणि नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३), तिथला बाप दामू, मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी, स्वतः जेमतेम अक्षरओळख, पण पोरं शिकलीच पाहिजेत म्हणून इरेला पेटलेला. रिटायर झाल्यावर बाप घरात स्वस्थ बसेना म्हणून मुलानं त्याला आठवणी लिहायला बसवलं, त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. दोन बाप, एक शाळेपासून ओढणारा आणि एक शाळेकडे ढकलणारा. पण 'झोंबी'तल्या बापाला नुसता खलनायक समजून मोकळे होऊ नका, दोन हात कमी पडले की त्या मळ्याचं काय होतं ते यादवांनी लपवलेलं नाहीये. नवऱ्यानं माझ्या सांगण्यावरून आयुष्यात वाचलेली दोनच पुस्तकं ही.

आईची गोष्ट, पण साजूक तुपातली नको असेल, तर उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३). आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या टोपल्या, सुपं वगैरे. रत्नागिरीकडे लेखिकेची आई दिवसभर ते विणायची, त्यावर घर चालायचं, आणि लेखिका म्हणते की तिचं विणणं आणि माझं लिहिणं यांचं नातं आहे, दोन्हीत दुःखाचीच वीण. लहानपणी ही आई तिला कडक, तुसडी वाटते. पुढे लेखिकेचा स्वतःचा तरुण मुलगा जातो, आणि मग आईच्या त्या न थांबणाऱ्या हातांचा अर्थ मागे वळून लागतो. मी हे पुस्तक ठेवून दोन दिवस दुसरं काही वाचलं नाही.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' (१९८६) यासोबत ठेवा. फलटणला छोटं दुकान चालवता चालवता, रद्दीचे कागद वाचत वाचत त्या लिहायला लागल्या आणि लिहिलेलं कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. त्यातली बाळंतपणाची वर्णनं गरोदर बाईनं वाचू नयेत असं मी स्पष्ट सांगते, नंतर जरूर वाचावीत.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बापानं नावच दिलेलं नाही, आणि वाढवलं कुणी तर आजीनं, संतामायनं, आणि तिच्यासोबत राहणाऱ्या एका मुसलमान दादानं. रक्ताचा बाप नाकारतो आणि ज्याचा काही संबंध नाही तो हमाली करून पोराच्या तोंडात घास घालतो. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) पण याच ओळीतलं, आई नाचणारी, मुलगा आजोबांच्या घरी राबत राबत शिकून डॉक्टर झाला आणि बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव लावलं. ते मधलं नाव म्हणजेच अख्खं पुस्तक आहे.

अनुवादात एकच सांगते, 'तोत्तोचान', तेत्सुको कुरोयानागींचं, मराठीत नॅशनल बुक ट्रस्टनं काढलंय त्यामुळे स्वस्तात मिळतं. सगळे त्यातल्या रेल्वेच्या डब्यांच्या शाळेबद्दल आणि चार तास पोरीचं ऐकून घेणाऱ्या मुख्याध्यापकांबद्दल बोलतात, ते छानच आहे, पण मला त्यातली आई आवडते. पहिलीतच शाळेनं काढून टाकलं होतं हे तिनं मुलीला वीस वर्षांची होईपर्यंत सांगितलं नाही, नवीन शाळेत जायचं का एवढंच विचारलं. आमच्या लेकीच्या ओपन हाऊसला जाऊन आल्यावर मी स्वतःला या बाईची आठवण करून देते आणि तरीही जिन्यातच बोलून टाकते.

मोठ्या माणसांच्या चरित्रात आईबाप शोधायची सवयपण लावून घ्या. बाबासाहेबांचं चरित्र म्हटलं की आपण चवदार तळं, गोलमेज, घटना असं शोधतो. पण १९२६ मध्ये राजरत्न गेला, त्यांनी गमावलेलं चौथं मूल, त्यानंतर त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेलं पत्र आहे, मुलं गेली आणि आयुष्यातलं मीठच गेलं अशा अर्थाचं. त्याच्या पुढच्या वर्षी महाड झालं. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की ते तळ्याकडे चालत जाणं वेगळंच दिसतं. धनंजय कीरांचं चरित्र सुरुवातीला बरं, एका खंडात बसतं, आणि गंमत म्हणजे कीर स्वतः मुंबई महापालिकेत कारकून होते, नोकरी सांभाळून हे असलं काम. चांगदेव खैरमोड्यांचं बारा खंडांचं आहे, ते वाचनालयात बसून, हवं ते प्रकरण काढून वाचायचं. आणि सविता आंबेडकरांचं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' वाचल्याशिवाय शेवटच्या वर्षांबद्दल मत बनवू नये, मग ते मत काहीही होवो.

वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'बद्दल (१९८१) वेगळं काय सांगू, बारशापासून मुंजीपर्यंत सगळीकडे भेट म्हणून देतात. चांगलंच आहे. फक्त सुरुवातीचा भाग, गुलाम आईबरोबर पळवून नेलेलं बाळ एकटंच परत मिळतं आणि गोरे कार्व्हर नवरा-बायको त्याला वाढवतात, तो घाईत उरकू नका.

प्रत्यक्ष वाचताना

आता कामाचं. पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा दोन गोष्टी बघायच्या, लिहिलं तेव्हा वय काय होतं आणि लिहिलं कुणी. शब्दांकन दुसऱ्याचं असेल तर तसं पानावर असतं. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' (१९७०) त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं, म्हणून त्याची चाल बोलल्यासारखी आहे, आणि बोलताना माणूस जिथे गडबडीनं पुढे जातो तिथे पुस्तकही जातं. लेकीचा विषय आला की काय होतं ते बघा. सिनेमातल्या आयाच वाचायच्या तर 'मी दुर्गा खोटे' शेजारी ठेवा, सव्विसाव्या वर्षी वैधव्य, दोन मुलगे, आणि पोटासाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली खानदानी घरातली बाई.

प्रस्तावना शेवटी वाचा. मोठ्या लेखकांच्या प्रस्तावना म्हणजे लग्नात आहेराचं पाकीट आधीच फोडून दाखवल्यासारखं असतं.

बुकमार्क म्हणून कोरा कागद ठेवा आणि त्यावर मुख्य माणसाचं जन्मसाल लिहा. पानावर साल आलं की वजाबाकी करायची. एवढं एकच केलं तरी वाचन बदलतं, कारण लेखक 'मी तेव्हा लहान होते' लिहून मोकळी होते आणि तुम्हाला कागदावर ११ हा आकडा दिसतो. त्याच कागदाच्या मागे मुलांची नावं लिहा. कुठलं मूल कितव्या पानावर आलं आणि नंतर कुठे गायब झालं, बाळंतपणं किती वाक्यांत उरकली, वारलेल्या मुलाचं नाव तरी दिलंय का. जुन्या पुरुषांच्या आत्मचरित्रात तर पोरं अशी अचानक उगवतात, आधीच्या पानावर पत्ता नाही आणि पुढच्या पानावर मुंज!

कंटाळा आला तर वंशावळीची पहिली पंधरा पानं सोडा, काही पाप लागत नाही. शाळेत नाव घातलं तिथून सुरू करा. मूळ पुरुष कुठून कुठे आला हे नंतर गरज पडली तर वाचता येतं, बहुतेक वेळा पडत नाही.

आणि भाषा. 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या' यांत काही शब्द अडतात. पुण्यामुंबईत वाढलेल्यांना जास्तच. पहिल्या वेळी थांबू नका, पुढे पुढे शब्द आपोआप उलगडतात. 'बलुतं' (१९७८) मध्ये शिकलेला दया पवार आणि आतला दगडू असे दोघं समोरासमोर बसलेत हे एकदा कळलं की झालं. जोडीची आयडिया त्या माणसानं एकाच पुस्तकात, स्वतःच्याच बाबतीत करून टाकलीये.

मिळवायची कुठून

सगळी विकत घेऊ नका, घरात जागा नसते. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, बाया कर्वे, पार्वतीबाई, साने गुरुजी, अगदी धोंडो केशवसुद्धा आता मुक्त आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर आणि मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं शोधा, स्कॅन वाकडीतिकडी असतात पण फुकटात वाचता येतात. 'माझे पुराण'सारखी पुस्तकं दुकानात सहज सापडत नाहीत तेव्हा हाच रस्ता. फक्त 'स्मृतिचित्रे' घेताना आवृत्ती बघा, संक्षिप्तपण निघालेली आहे आणि घाईत तीच गळ्यात पडते, माझ्या पडली होती.

बाकी वाचनालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, पणजीचं तर त्याहून जुनं, १८३२ चं. तिथल्या कपाटातल्या जुन्या प्रतींच्या मार्जिनमध्ये आधीच्या वाचकांनी पेन्सिलीनं केलेली भांडणं फुकट मिळतात. मी एका वाचनालयात नाव घालायला गेले तर काउंटरवरच्या काकांनी तीन वेळा उद्या या सांगितलं, चौथ्यांदा लेकीला कडेवर घेऊन गेले, लगेच फॉर्म मिळाला. परदेशात असाल तर 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या तुमच्या गावात येतात का ते मंडळात विचारा. दोन्ही हात बाळात अडकले असतील तर ऑडिओबुक, यातली काही तिथे सापडतात. पण ऐकताना वजाबाकीचा कागद राहून जातो.

शेवटची जोडी पुस्तकातली नाहीये. 'आयदान' झाल्यावर मी आईला फोन करून म्हटलं, तू मला झालीस तेव्हाचं सांग ना, म्हणजे मी तुला झाले तेव्हाचं. ती म्हणाली त्यात काय सांगायचंय, पाऊस होता आणि तुझे बाबा ड्युटीवर होते. मी फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं, पुढची पंचेचाळीस मिनिटं ती बोलली, मधे दोनदा कुकर बघायला गेली. मग बाबांना वेगळा फोन केला. बाबांच्या गोष्टीत पाऊस नव्हता, आणि ते ड्युटीवरही नव्हते, हॉस्पिटलच्या खाली चहाच्या टपरीवर बसले होते, कारण वर बायका त्यांना थांबू देत नव्हत्या. आईला हे अजून माहीत नाहीये.